गावातून फोनवर कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीची मुलाखत: रेंजपासून केसपर्यंतची तयारी

कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीच्या नोकरीची पहिली फेरी बऱ्याच कंपन्या फोनवरच उरकतात. समोरची व्यक्ती मुंबई, गुरुग्राम नाहीतर बंगळुरूच्या ऑफिसात असते. तुम्ही नोटीस पिरियडमध्ये, सुट्टीत किंवा घरून काम करत वरुड, आर्णी, समुद्रपूर किंवा चिमूरकडच्या एखाद्या गावात असता. तिला तुमचा चेहरा दिसत नाही, कागदावर काढलेली आकृती दिसत नाही, तुम्ही विचार करताय की फोन कटलाय हेही कळत नाही. जे काही पोहोचायचं ते आवाजातूनच. त्यामुळे तयारी दोन प्रकारची लागते: आवाज विनाअडथळा पोहोचला पाहिजे, आणि डोक्यातला हिशेब ऐकणाऱ्याला जसाच्या तसा मांडता आला पाहिजे. उमेदवार पहिली बाजू 'बघू तेव्हाचं तेव्हा' म्हणून सोडून देतात आणि दुसरी पाठांतराने भागवतात. दोन्हीकडे नुकसान होतं.

काम काय आहे ते आधी समजून घ्या

कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीची टीम कंपनीच्या आत राहून वरिष्ठांसाठी मोठे निर्णय तयार करते. नव्या बाजारात उतरायचं का, एखादी कंपनी विकत घ्यायची का, कोणता धंदा बंद करायचा, पुढच्या तीन वर्षांचा आराखडा काय, असे हे निर्णय. सल्लागार कंपनीत अहवाल दिला की प्रकल्प संपतो. इथे तुम्ही सुचवलेली गोष्ट विक्री, कारखाना आणि फायनान्सवाल्यांकडून पुढे सरकवून घ्यायची असते, आणि वर्षभराने 'झालं का?' हे तुम्हालाच विचारलं जातं. म्हणून 'मला स्ट्रॅटेजीत रस आहे' एवढं उत्तर पुरत नाही. ज्या कामात तुम्ही आकडे जमवले, पर्याय मांडले आणि लोकांकडून ते करून घेतले, असं एक काम हाताशी ठेवा.

वेळ ठरवण्याचा फोन

एचआरचा फोन येतो तेव्हाच पाच गोष्टी विचारून घ्या: बोलणार कोण आणि कोणत्या पदावरची व्यक्ती, किती मिनिटं, केस (धंद्यातला एखादा प्रश्न देऊन तो बोलत सोडवायला लावणं) विचारणार का, फोन साधा येणार की टीम्स किंवा झूमची लिंक, आणि कोणत्या नंबरवरून येणार. एचआरची फेरी साधारण २० ते ३० मिनिटांची असते. टीमच्या मॅनेजरची ३० ते ४५ मिनिटं चालते आणि तीत छोटी केस हमखास धरून चालायची.

लिंक असेल आणि गावात डेटा लटपटत असेल, तर साधा फोन मागायला संकोच करू नका. 'आय ॲम इन माय होम टाउन, अ रेग्युलर फोन कॉल विल बी मोअर रिलायबल' एवढं वाक्य पुरतं.

वेळ निवडताना गावाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. सकाळी ग्रामपंचायतीचा भोंगा आणि चक्की, संध्याकाळी आरती आणि वावरातून परतलेली माणसं. संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळेत अख्खं गाव मोबाइलवर असतं आणि टॉवरवर ताण पडतो. सकाळी ११ ते दुपारी १ ही वेळ बहुतेक ठिकाणी बरी पडते. मे महिन्यात मात्र सकाळी १० च्या आसपास मागा, कारण दुपारी कूलरशिवाय खोलीत बसवत नाही आणि कूलर लावला की समोरच्याला तुमच्याआधी कूलर ऐकू येतो. महावितरणकडे तुमच्या घरच्या कनेक्शनला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर देखभालीसाठी लाइन बंद राहणार असल्याचा एसएमएस येतो. तो कोणाच्या फोनवर येतो हे घरी विचारून ठेवा. बऱ्याचदा तो बाबांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या फोनवर न वाचता पडलेला असतो.

वेळ ठरली की ईमेल करून ती पक्की करा आणि त्यात दुसरा नंबर द्या. हा दुसरा नंबर तुमच्याच फोनमधल्या दुसऱ्या सिमचा नको. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम लागत नाही, आणि फोनच बंद पडला तर दोन्ही नंबर एकदम जातात. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या, शक्यतो दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनचा नंबर द्या आणि तो फोन त्या वेळी आपल्याजवळ घेऊन बसा.

जागा, रेंज आणि लाइन

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका, त्या प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलेल्या असतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन' आणि 'सिम स्टेटस'मध्ये सिग्नलचा आकडा उणे चिन्हाने दिसतो. ४जीवर उणे ९० किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ८५, उणे ८०, असेल तर निर्धास्त बसा. उणे १०५ च्या पुढे आवाज तुटायला लागतो आणि उणे ११५ ला फोन कधीही कटेल असं समजा. घरात, ओसरीत, गच्चीवर, अंगणात चार ठिकाणी उभं राहून आकडा लिहून काढा. टिनाच्या छपराखाली आणि जुन्या घरांच्या जाड भिंतींच्या आत तो बराच घसरतो. टॉवरच्या दिशेच्या खिडकीजवळ दोन पावलं सरकलं तरी फरक पडतो. गच्चीवर रेंज चांगली मिळते, पण वारा थेट माइकमध्ये शिरतो. पावसाळ्यात टिनाखाली बसायचा विचारही नको.

कोणत्या सिमवर बोलायचं हेही आधीच ठरवा. जिओकडे २जी नाही, त्यामुळे ४जी अगदी कमजोर झालं की फोन थेट कटतो. एअरटेल आणि व्हीआय अशा वेळी २जीवर उतरतात. फोन टिकतो, पण आवाज बोदा होतो आणि बोलणं चालू असेतो इंटरनेट थांबतं. म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून कंपनीचा अहवाल बघत बोलायचं ठरवलं असेल, तर तो ऐनवेळी बंद पडणार. लागणारं सगळं कागदावर किंवा आधी डाउनलोड केलेलं असू द्या. ४जी सतत येत-जात असेल तर एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर नेटवर्क मुद्दाम २जीवर ठेवून चाचणी घ्या. आवाजाचा दर्जा थोडा उतरतो, पण ४जी आणि २जीमधली उड्या मारणं थांबतं. घरी फायबर असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाइन गेली की वायफायही गेलं.

लाइन गेल्यावर टॉवर बॅटरीवर चालतो, पण ती किती तास टिकते ते प्रत्येक टॉवरचं वेगळं असतं. आपल्या गावात लाइन गेल्यावर किती वेळाने रेंज जाते, हे गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. तासाभरात जात असेल तर मुलाखतीच्या दिवशी सकाळीच तालुक्याला नातेवाइकाकडे जाऊन बसणं शहाणपणाचं.

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात, त्याच वारी आणि त्याच वेळी, शहरातल्या मित्राला किंवा मैत्रिणीला फोन लावून पूर्ण २० मिनिटं बोला. दोन मिनिटांच्या चाचणीतून काही कळत नाही. ज्या खुर्चीवर बसणार तिथूनच बोला आणि विचारा: मागे काय ऐकू येतं, शब्दांचे शेवट कळतात का, आवाज दूरचा वाटतो का. तारेचा इअरफोन ब्लूटूथपेक्षा भरवशाचा, फक्त माइक कॉलरला घासत नाही ना ते पाहा. स्पीकरवर टाकून बोलू नका. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. चादर, गादी, धान्याची पोती असलेली खोली चांगली.

त्या दिवशी फोन ८० टक्क्यांच्या वर चार्ज करून चार्जर काढून ठेवा. उन्हाळ्यात चार्जिंगला लावून बोलताना फोन तापतो. कॉल वेटिंग बंद करा. 'डू नॉट डिस्टर्ब' लावताना आणि स्पॅम अडवणाऱ्या ॲपमध्ये अनोळखी नंबर अडवले जात नाहीत ना, हे नक्की तपासा. कंपनीचा फोन ०२२, ०२०, ०८० किंवा ०१२४ अशा शहरी नंबरावरून येऊ शकतो आणि ॲप त्याला जाहिरातवाला समजून परतवू शकतं. आईला आणि शेजारच्या काकूंना तासभरासाठी सांगून ठेवा. दार वाजवून 'चहा घेतोस का' हा आवाज फोनमध्ये फार स्पष्ट जातो.

समोर ठेवायचे कागद

फोनच्या मुलाखतीत कागद समोर ठेवून बोलता येतं, ही मोठी सोय आहे. चार कागद पुरतात. त्याहून जास्त झाले की पानं उलटण्याचा आवाज जातो आणि वाचल्यासारखं बोलणं होतं.

पहिला तुमचा बायोडाटा, प्रत्येक ओळीपुढे एक आकडा लिहिलेला. दुसरा कंपनीचा. ती शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवालातला व्यवस्थापनाचा आढावा, विभागवार विक्री-नफा आणि शेवटच्या दोन तिमाहींच्या कॉनकॉलचं (निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते त्याचं) लेखी टिपण वाचा. बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं. विश्लेषक वारंवार कोणता प्रश्न विचारतात ते कॉनकॉलमध्ये बघा. स्ट्रॅटेजी टीमच्या टेबलावर तोच प्रश्न पडलेला असण्याची शक्यता मोठी. एका पानात लिहा: पैसा कुठून येतो, कोणता विभाग वाढतोय, कोणता अडलाय, मुख्य स्पर्धक दोन, आणि तुमचं मत एक.

तिसरा कागद आकड्यांचा. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. हे येत असलं तरी लिहून ठेवा, घाईत इथेच शून्य चुकतं. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी आणि महाराष्ट्राची ११.२४ कोटी होती. आजचा अंदाज करताना देशासाठी १४० कोटींच्या वर आणि घरटी साधारण साडेचार माणसं धरून चालता येतं. चौथा कागद कोरा, सोबत दोन पेन.

पहिली दहा मिनिटं

'टेल मी अबाउट युअरसेल्फ'चं उत्तर दीड मिनिटात संपवा: आत्ता काय करता, त्याआधी काय, त्यातलं एक ठोस काम आकड्यासकट, आणि ही नोकरी का. घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघा. पहिल्यांदा ते तीन-चार मिनिटांवर जातं.

गावात राहता हे लपवायची किंवा त्याबद्दल माफी मागायची गरज नाही. उलट घरच्या किंवा गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा, दूध संकलनाचा, जिनिंगचा (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याचा) हिशेब तुम्ही पाहिला असेल तर तो सांगण्याजोगा आहे. फक्त कष्टाची कहाणी न सांगता निर्णय सांगा: काय पर्याय होते, काय निवडलं, किती फरक पडला.

इंग्रजीचा बाऊ नको. फोनवर भाषेपेक्षा वेग जास्त नडतो. २जीच्या फोनवर आवाजातल्या वरच्या पट्ट्या गाळल्या जातात, त्यामुळे स, फ, थ एकसारखे ऐकू येतात आणि फिफ्टीन-फिफ्टी, मिलियन-बिलियन यांत गल्लत होते. प्रत्येक महत्त्वाचा आकडा 'फिफ्टीन, वन-फाइव्ह' असा सुटा करून सांगा. समोरून आलेला आकडाही तसाच परत म्हणून पक्का करा.

केस: एक पूर्ण उदाहरण

पुस्तकातल्या केसेस बहुतेक विमान कंपन्या आणि कॉफीच्या साखळ्यांवर असतात. त्या कराच, पण विचाराची घडण पक्की व्हायला ओळखीचा धंदा घ्या. समजा प्रश्न असा: 'हिंगणघाटजवळ आमचं जिनिंग आहे. सरकीपासून तेल काढायची मिल टाकावी का?'

प्रश्न आधी आपल्या शब्दांत परत सांगा आणि कंपनीला काय साधायचंय ते विचारा: नफा वाढवायचाय, की सरकीच्या भावातल्या चढउतारापासून सुटका हवी आहे? मग वेळ मागा. 'लेट मी टेक थर्टी सेकंड्स टू स्ट्रक्चर माय थॉट्स' असं म्हणून मगच गप्प व्हा. समोरासमोर शांत बसलं तर विचार चाललाय हे दिसतं. फोनवर पाच-सहा सेकंद न सांगता गप्प राहिलात की 'हॅलो, आर यू देअर?' येतंच आणि तुमची लय मोडते.

मग सांगाडा बोला: 'मी चार गोष्टी बघेन. एक, माल किती मिळतो. दोन, क्विंटलमागे किती सुटतात. तीन, भांडवल आणि साठा. चार, मिल न टाकता दुसरा मार्ग आहे का.' क्रमांक आधी, मुद्दा नंतर. प्रत्येक मुद्दा संपला की 'हे झालं, आता दुसरा' असं म्हणा, म्हणजे ऐकणारा तुमच्याबरोबर चालतो.

आता हिशेब. पुढचे भाव आणि भांडवल सरावासाठी धरलेले आहेत. मुलाखतीत ते समोरचा देतो किंवा तुम्ही विचारून घेता. हंगामात २ लाख क्विंटल कापूस येतो. रुई ३४ टक्के, सरकी ६४ टक्के, बाकी घट. रुई झाली ६८,००० क्विंटल, म्हणजे १७० किलोच्या ४०,००० गाठी. सरकी १,२८,००० क्विंटल. एक क्विंटल सरकी ३,५०० रुपयांची. तिच्यातून ११ किलो तेल, १२० रुपये किलोने १,३२० रुपये. ढेप (तेल काढल्यावर उरलेली पेंड) ८३ किलो, ३० रुपयांनी २,४९० रुपये. एकूण ३,८१०. वरचे सुटले ३१०, त्यातून गाळपाचा खर्च १८० वजा, हाती १३० रुपये. गुणिले १,२८,००० म्हणजे वर्षाला सुमारे १.६६ कोटी. मिलला ८ कोटी लागत असतील तर पैसे फिटायला पावणेपाच वर्षांच्या वर.

बहुतेक उमेदवार इथेच थांबून 'हो, टाकावी' म्हणतात. पुढची दोन मिनिटंच निवड ठरवतात.

उत्पन्नाची फोड बघा: जवळजवळ दोन तृतीयांश पैसा ढेपेतून येतो. ढेपेचा भाव ५ टक्के पडला तर क्विंटलमागे १२४.५० रुपये जातात आणि १३० मधले साडेपाच उरतात. वर्षाचा १.६६ कोटींचा नफा सात लाखांवर येतो. म्हणजे तेलाच्या नावाने घेतलेला हा निर्णय मुळात ढेपेच्या भावावर उभा आहे, आणि ढेपेचा भाव दुधाच्या धंद्यावर आणि इतर पशुखाद्याच्या भावावर हलतो. हे वाक्य फोनवर हळू, सुटं बोला.

दुसरं, जिनिंग साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. मिल वर्षभर चालवायची तर निम्मी सरकी, ६४,००० क्विंटल, साठवावी लागेल. ३,५०० ने २२.४ कोटी रुपये अडकले, मिलच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट. पुढचे सहा महिने साठा सरासरी निम्मा धरला तरी १० टक्क्यांनी ५६ लाख व्याज, म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा. शिवाय साठ्यातली सरकी ओल धरते, तापते आणि तेलाची आम्लता वाढते. साठा टाळायचा तर हंगामातच सगळं गाळेल अशी मोठी मिल हवी, तिला भांडवल जास्त, आणि ती अर्धं वर्ष बंद.

शेवट शिफारशीने करा आणि शिफारस पहिल्या वाक्यात द्या: 'लगेच मिल टाकू नये. पहिला हंगाम जवळच्या चालू मिलमधून मजुरीवर गाळप करून घ्यावं, ढेप आपल्या नावाने विकून बघावी. ढेपेचा ग्राहक बांधला गेला आणि गाळपाची मजुरी २०० च्या वर जात असेल, तर पुढच्या वर्षी स्वतःची मिल.' कारणं दोन, धोका एक, पुढचं पाऊल एक. एवढ्यावर थांबा.

गणित करताना पुटपुटत गप्प होऊ नका. 'वन ट्वेंटी-एट थाउजंड टाइम्स वन थर्टी' असं बोलतच करा. चुकलं तर समोरचा तिथेच सावरतो. शांततेत केलेली चूक थेट उत्तरात येते. उत्तर आलं की ते शक्य वाटतं का हे एकदा मोठ्याने तपासा.

फोन कटला तर

मुलाखत सुरू होतानाच, पहिल्या मिनिटात, सांगून ठेवा: 'कॉल कटला तर मी तुमच्या फोनची दोन मिनिटं वाट बघतो, नाही आला तर मी लावतो.' हे ठरलं नसेल तर दोघे एकाच वेळी लावतात आणि दोघांनाही एंगेज लागतो. जोडणी परत झाल्यावर माफीत वेळ घालवू नका. 'आपण भांडवलाच्या मुद्द्यावर होतो, क्विंटलमागे १३० पर्यंत आलो होतो' एवढं सांगून पुढे चला. म्हणूनच कोऱ्या कागदावर मुद्दे क्रमाने लिहीत जायचे. दुसऱ्यांदा कटला तर जवळ ठेवलेल्या दुसऱ्या फोनवरून लावा, तिसऱ्या प्रयत्नाची वाट बघू नका. ऐकू आलं नसेल तर अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा पुन्हा विचारा. स्ट्रॅटेजीच्या मुलाखतीत चुकीच्या प्रश्नाचं चांगलं उत्तर काही कामाचं नसतं.

पगार आणि तुमचे प्रश्न

एचआर सध्याचा आणि अपेक्षित सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) विचारेल. सध्याच्या पगाराची फिक्स्ड आणि व्हेरिएबल अशी फोड कागदावर ठेवा. सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असू शकते, त्यामुळे हाती येणाऱ्या रकमेशी तुलना करू नका. मुंबई-गुरुग्रामचं घरभाडं हिशेबात घेऊन आकडा सांगा. नोटीस पिरियड ३०, ६० की ९० दिवस, हे नेमकं सांगा.

तुम्ही विचारायचे प्रश्न दोन-तीनच: गेल्या वर्षी या टीमने सुचवलेल्यातलं काय प्रत्यक्षात आलं? ही व्यक्ती कोणाला रिपोर्ट करते, सीईओला की एखाद्या विभागप्रमुखाला? पहिल्या सहा महिन्यांत कोणतं काम हाती येईल? उत्तरांतून कळतं की टीम निर्णयात बसते की फक्त स्लाइड बनवते.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत सगळे प्रश्न लिहून काढा, पुढच्या फेरीत त्यांचेच धागे ओढले जातात. त्याच दिवशी चार ओळींचा आभाराचा ईमेल पाठवा. हिशेबात कुठे चूक झाली असं नंतर लक्षात आलं तर एका ओळीत दुरुस्ती द्या. नोंदणी, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या नावाने कोणी पैसे मागितले तर ती नोकरी नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

निवड पुढे सरकली आणि प्रत्यक्ष भेटीला बोलावलं, तर किमान चार-पाच दिवसांची मुदत आणि प्रवासखर्च मिळतो का हे त्याच फोनवर विचारा. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि अमरावतीहून सुटणारी अमरावती एक्स्प्रेस या मुंबईच्या रात्रीच्या गाड्या सोयीच्या आहेत, पण सणासुदीला वेटिंग लांबतं. तत्काळचं बुकिंग गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. मुलाखत सकाळची असेल तर त्या दिवशी पहाटे पोहोचणारी गाडी न धरता एक दिवस आधीची धरा.